माझा फोटो काढा, म्हणावं

२ नोव्हेंबर, रविवार

मुलीने आज कॅमेरा आणून दिला. "आई, तुझ्या निवृत्तीची भेट," म्हणाली, आणि लगेच पुढे, "आता तू मला ऑफिसात फोन करून जेवलीस का, काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस हे विचारणार नाहीस." म्हणजे भेट तिने स्वतःलाच दिली आहे. ठेवायची जागा फक्त माझं कपाट.

ही दैनंदिनीही तिच्याच डोक्यातून निघाली. मनातलं कागदावर काढलं की हलकं वाटतं म्हणे. माझं मन हलकं होवो न होवो, तिचे कान हलके होतील.

उभी हयात मी नगर कार्यालयात चौकशीच्या खिडकीमागे काढली. खिडकी एवढीशी, की माणूस वाकला तर डोळे दिसत आणि ताठ उभा राहिला तर शर्टाची बटणं. त्यामुळे अर्ध्या गावाची बटणं माझ्या ओळखीची आहेत. "पुढच्या खिडकीवर विचारा" हे वाक्य मी झोपेतही बोलते असं हे म्हणायचे. वसाहतीत मला चौकशीबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणत, हल्ली तोंडावर म्हणतात. मला राग नाही. चौकशा मी करतेच.

हे असते तर कॅमेरा आधी त्यांच्या हातात गेला असता. इमारतींची मोजमापं घ्यायची आणि त्यांचे फोटो काढायचे हेच त्यांचं काम. मध्ये माणूस आला की फोटो वाया गेला, हा त्यांचा नियम. मी स्टँड धरून उभी आणि हे रस्ता मोकळा व्हायची वाट बघत. सहलीला गेलो तरी तेच. "तू जरा बाजूला हो." त्यामुळे आमच्या आल्बममध्ये पुष्कळ धबधबे आहेत, एक दीपगृह आहे, आणि मी कुठेच नाही. माणूस मात्र लाखात एक होता. जाऊन सहा वर्षं झाली तरी मी अजून दोन कप चहा टाकते आणि मग दोन्ही मीच पिते.

५ नोव्हेंबर

वसाहतीचे सचिव आले. आले म्हणजे दारातच उभे राहिले. ते कुणाकडे बसत नाहीत. बसलं की चहा येतो आणि चहाबरोबर तक्रारी येतात, असं त्यांचं म्हणणं.

वसाहतीला पन्नास वर्षं होताहेत. सभागृह रंगवून झालंय, समोरची मोठी भिंत कोरी आहे. तिच्यावर वसाहतीतले फोटो लावायचे. पाण्याची टाकी, दूधकेंद्र, वाचनालय, बाग, ओढ्यावरचा पूल, अशा रोजच्या खुणेच्या जागा. तीस तारखेला उद्घाटन. "तुमच्याकडे कॅमेरा आलाय असं कळलं," म्हणाले. "शिवाय तुम्ही रिकाम्याच असता."

रिकामी म्हटल्याबद्दल मी चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात म्हणाले, "खाली पाटी लावू. छायाचित्रे, आणि पुढे तुमचं पूर्ण नाव."

मी हो म्हणाले. इथे खोटं कशाला लिहू, पाटीसाठीच म्हणाले. माझ्या खिडकीवर इतकी वर्षं पाटी होती ती 'चौकशी' एवढीच. माझ्या जागी खुर्चीत पोतं ठेवलं असतं तरी पाटी बदलावी लागली नसती. आता भिंतीवर माझं नाव लागणार आहे. मला ते हवं आहे, आणि फोटो असे हवेत की नावाला लाज वाटू नये.

७ नोव्हेंबर

टाकीपासून सुरुवात केली. कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. खिडकीच की ही! फक्त पलीकडून कुणी "ओ बाई" म्हणून ओरडत नाही.

टाकी छान बसली होती चौकटीत. तेवढ्यात डावीकडून एक गृहस्थ पिवळी पिशवी घेऊन आले, नेमके टाकीखाली थांबले आणि मान वर करून टाकीकडे बघू लागले. बघण्यासारखं तिथे काय आहे? मी थांबले. तेही थांबले. शेवटी हात भरून आला म्हणून बटण दाबलं, आणि आले ते फोटोत.

समोरच्या इमारतीत गेल्या वर्षी राहायला आलेत हे. चष्म्यांचं दुकान होतं, ते बंद करून आले. एकटेच असतात. बायको फार पूर्वी गेली, मुलगा दुसऱ्या शहरात, स्वयंपाक स्वतः करतात, वाटाणे आवडत नाहीत, पंखा आवाज करतो. एवढंच माहीत आहे. जास्त चौकशी मी केलेली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज दूधकेंद्र. फार लवकर गेलं तर उजेड नसतो आणि उशिरा गेलं तर ऊन थेट डोळ्यावर. मधली एक वेळ आहे, तेव्हा प्रकाश तिरका येऊन पायऱ्यांवर पडतो. नेमके तेव्हाच पिवळ्या पिशवीवाले दूध न्यायला येतात. दोन्ही दिवस फोटोत आहेत, काल डावीकडे आणि आज उजवीकडे. वैताग नुसता.

दुपारी मुलगी आली. फोटो पाहता पाहता म्हणाली, "एवढ्या सकाळी कशाला जातेस गं तिथे?"

"प्रकाश छान येतो तेव्हा."

"प्रकाश येतो?"

"येतो म्हणजे काय! अगदी पायऱ्यांवर."

"रोज येतो?"

"ढग नसले तर रोज."

"ढग असले तर छत्री घेऊन येईल," असं म्हणून ती इतकी हसली की चहा सांडला. माझ्या पोरीला कशाचं हसू येईल नेम नाही. जाताना जिन्यातून ओरडली, "आई, प्रकाशला सांभाळ हं!" न सांभाळायला काय झालं? फोटोत सगळा खेळ प्रकाशाचाच असतो.

१२ नोव्हेंबर

वाचनालय. दार, कुंड्या, पायऱ्या. आणि पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेली पिवळी पिशवी. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. वर्तमानपत्र कालचं आहे, आणि उलटं धरलंय. चष्मेवाल्याला वाचायला दिसत नाही म्हणजे कमाल झाली.

१४ नोव्हेंबर

लाँड्रीचा फोटो काढला. लाँड्रीवाल्याला सांगितलं, माझ्याकडे बघू नका, काम चालू ठेवा. तो छाती पुढे काढून, माझ्याकडे बघत, काम थांबवून उभा राहिला आणि इस्त्रीखाली उशीचा अभ्रा जळला. अभ्रा माझाच होता. "दुसरा शिवून देतो," म्हणाला.

मागे शर्टांचा ढीग दिसला म्हणून विचारलं, कुणाचे?

"समोरच्या चष्मेवाल्यांचे. आधी महिनाभराचं गाठोडं एकदम आणायचे. हल्ली रोज एक देतात आणि कडक हवा म्हणतात. काल तर परत आणून म्हणाले, कॉलरला अजून एक हात मारा."

काही माणसांना उतारवयात नटायची हौस येते. मी त्यातली नाही. आज मी नवा निळा स्वेटर घातला होता तो थंडी होती म्हणून. थंडी तशी नव्हती, पण पडेल असं वाटत होतं.

ते शर्ट न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. आले फोटोत, पाठमोरे.

१७ नोव्हेंबर

आज ठरवून भर दुपारी पुलावर गेले. चिटपाखरू नव्हतं. फोटो अगदी मोकळा आला, ह्यांना आवडला असता. मला कंटाळवाणा वाटला. दुपारचा प्रकाश वाईटच असतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा गेले.

होते! कठड्याला टेकून उभे. पिशवी घडी करून काखेत, म्हणजे रिकामी. रिकामी पिशवी घेऊन माणूस पुलावर कशाला जाईल? ओढ्यात विकत घेण्यासारखं काही मिळत नाही.

त्यांनीच विचारलं, "माझ्यामुळे अडचण होते का?"

"होते," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुमचा नंबर बदललाय."

"फोनचा? नाही हो."

"चष्म्याचा. लांब बघताना उजवा डोळा बारीक करता तुम्ही."

मी सांगितलं, मी जन्मभर खिडकीतून माणसं बघितली आहेत, मला लांबचं सगळं दिसतं.

"आणि जवळचं?" म्हणाले.

ही काय विचारायची पद्धत झाली? मी पळ काढला. पळायच्या आधी फोटो मात्र काढला, कारण पुलाचा काढायचाच होता. घरी येऊन डावा डोळा झाकला आणि भिंतीवरची दिनदर्शिका वाचून पाहिली. उजवा जरा अंधूक आहे. त्यांना सांगणार नाही.

२१ नोव्हेंबर

वाईट दिवस.

सगळे फोटो मोठे करून घेतले आणि सभागृहात टेबलावर मांडले. सचिव होते, समितीतले दोघे होते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. वहिनी कुठल्याच समितीत नाहीत आणि प्रत्येक बैठकीला असतात.

सचिव "छान, छान" म्हणत होते तोवर ठीक होतं. मग वहिनींनी चष्मा चढवला. "अगंबाई! टाकीखाली हे आपले समोरचे ना? आणि दूधकेंद्रावरही तेच. वाचनालयातही! लाँड्रीत पाठमोरे आहेत, पण पिशवी तीच!" मग सगळेच शोधायला लागले. बागेच्या फोटोत ते आहेत हे मलाही माहीत नव्हतं, झुडपामागे सापडले. सापडल्यावर समितीने टाळ्या वाजवल्या.

सचिव म्हणाले, "मी वसाहतीचे फोटो सांगितले होते. तुम्ही एका सभासदाचं चरित्र आणलंत."

"मी त्यांना बोलावलं नव्हतं."

"बोलवायला कशाला लागतं," वहिनी म्हणाल्या, आणि जो हशा पिकला म्हणता! खिडकीमागे असते तर एकेकाला पुढच्या खिडकीवर पाठवलं असतं. तिथे खिडकी नव्हती. मी हातातलं पाकीट उघडत नि मिटत उभी राहिले.

सचिवांनी निकाल दिला. गुरुवारपर्यंत माणूस नसलेले फोटो द्यायचे, नाहीतर त्यांचा भाचा फोनवर काढील आणि पाटीवर भाच्याचं नाव लागेल.

रडू आलं. घरी येऊन आलं, त्यांच्यासमोर नाही.

२२ नोव्हेंबर

नवा अभ्रा आणायला लाँड्रीत गेले. लाँड्रीवाला म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी निरोप आहे. समोरचे चष्मेवाले आले होते, जरा अवघडल्यासारखे. म्हणाले, बाईंना सांगा, माझा फोटो काढा, म्हणावं."

"असं म्हणाले?"

"अगदी अस्सं. जमलं तर लवकर काढा, असंही म्हणाले."

म्हणजे बैठकीतलं त्यांच्या कानावर गेलं. माझ्यापाशी येऊन बोलायची हिंमत नाही, लाँड्रीवाल्याच्या हाती निरोप! फोटो काढा! जसे काही मी हौसेने लावणार होते. कडमडायचं तुम्ही, हसं व्हायचं माझं, आणि वर पुन्हा माझा फोटो काढा! काढते. एकूण एक काढते.

सगळे फोटो परत पाकिटात घातले. पुलावरचा घालताना जरा वेळ लागला. वरचं सगळं रागात लिहिलंय. राग आलाच आहे, पण खरं म्हणजे वाईट वाटलंय. आपण त्यांना नको आहोत, भिंतीवरसुद्धा नको, असं काहीतरी.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलगी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "प्रकाश काय म्हणतो?"

मी म्हणाले, "माझ्यासमोर यापुढे प्रकाशाचं नाव काढू नकोस."

ती हसली नाही. "भांडलात?"

"प्रकाशाशी कोण भांडतं?"

"आई, इतकी वर्षं तू चौकशीत काढलीस आणि..." एवढं बोलून थांबली आणि सगळी भांडी घासून गेली. ती न सांगता भांडी घासते तेव्हा मला काळजी वाटते.

२५ नोव्हेंबर

कुणी नसेल अशा वेळा गाठून टाकी, दूधकेंद्र, वाचनालय, पूल उरकले. राहिली बाग. गेले तर मधल्या बाकावर बसलेले! नवा शर्ट, नुकतेच कापलेले केस, पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, नजर समोर. मी फाटकातूनच मागे फिरले. संध्याकाळी डोकावले, तिथेच. काल लाँड्रीत जाताना पाहिलं तेव्हाही तिथेच होते, असं आता आठवतं.

मी फोटो काढले की नाही यावर पाळत ठेवताहेत. इतका अविश्वास! काढलेत हो, काढलेत. घरी जा.

बागेचा फोटो कुंपणाबाहेरून घेतला. झुडूप आलंय, बाक नाही.

२७ नोव्हेंबर

सचिवांना नवे फोटो दिले. "वा! आता कसं स्वच्छ," म्हणाले. टाकी आहे, पूल आहे, पायऱ्या आहेत, आणि कुठेही कुणी नाही. मी म्हणाले, साथ येऊन लोक पळाल्यासारखी दिसते आहे वसाहत. ते म्हणाले, उठाव आला.

पाटी रंगवायला दिलीय. अक्षरं मोठी येणार आहेत. एवढ्यासाठीच तर सगळं केलं, आणि आता पाटीचं ऐकून मला काहीच होईना.

ह्यांना हे फोटो फार आवडले असते. मला नाही आवडत. मला बहुतेक ते धबधबेही कधी आवडले नव्हते.

२८ नोव्हेंबर

हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

लाँड्रीत शर्टांची जागा रिकामी दिसली. "समोरचे दिसत नाहीत?" मी सहज विचारलं.

"कपडे देणं बंद केलं त्यांनी. रविवारी मुलाकडे चाललेत, राहायलाच. इथे मन रमत नाही म्हणाले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही काही काढला नाहीत त्यांचा फोटो."

"काढला की! सगळे काढले."

"सगळे? किती?"

"होते तेवढे. एक ठेवला नाही."

"मग त्यांना कसं कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? भिंतीकडे बघावं. कुठेही नाहीत ते."

"भिंतीवर नाहीत, मग काढून ठेवलेत कुठे?"

"पाकिटात."

"मग द्या ना ते पाकीट त्यांना!" तो इस्त्री आपटून म्हणाला. "तुमची वाट बघत बाकावर बसून होते बिचारे. शर्ट मी स्वतः कडक केला होता. मला म्हणाले, टाकीखाली नि झुडपात उभं राहून पाय दुखले, आता बाईंनी एकदा सरळ समोर बसवून काढावा!"

"म्हणजे फोटो काढा म्हणजे... फोटो काढा?" मी विचारलं.

"मग दुसरं काय?" तो म्हणाला.

इस्त्रीखालून जळका वास आला. या वेळी टॉवेल जळला होता, पण माझा नव्हता.

२९ नोव्हेंबर

भर दुपारी, सगळ्या गॅलऱ्यांतून दिसेल असं पटांगण ओलांडून समोरच्या इमारतीत गेले. निळा स्वेटर घालून गेले. थंडी अजिबात नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कपडे काढत होत्या, त्या मला बघून वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालू लागल्या.

त्यांनी दार उघडलं. अंगात बनियन, मागे पलंगावर उघडी बॅग.

"फोटो काढायला आलेय," मी म्हणाले.

"काढलेत ना? लाँड्रीवाला सांगून गेला. एक ठेवला नाही म्हणे."

"ते निराळं काढणं. ते भिंतीवरून काढणं. तुम्हाला माझ्या फोटोंत राहायचं नाही असं मला वाटलं. निरोप नीट द्यायला नको?"

ते भिंतीला हात टेकून हसायला लागले. "म्हणजे मी बाकावर बसलो होतो तेव्हा..."

"मला वाटलं, पाळत ठेवताय."

"ठेवलीच होती," म्हणाले. "पण ती कॅमेरा यायच्या आधीपासून."

माझ्या खिडकीवर कुणी असलं काही विचारायला आलं नव्हतं.

"शर्ट घालून येतो," ते म्हणाले.

"नको, तेवढ्यात प्रकाश जाईल," मी म्हणाले, आणि माझा शब्द माझ्याच कानावर पडला. प्रकाश येतो? रोज येतो? छत्री घेऊन येईल! दारात उभ्या उभ्या कानशिलं तापली. कार्टी! इतके दिवस हसत होती ती याला होय! आणि मी तिला ढगांचं सांगत बसले होते.

शर्ट घालू दिला. खुर्ची खिडकीपाशी ओढली. ताठ बसले, हातांचं काय करावं कळेना, मग हळूच म्हणाले, "पिशवी घेऊ का?"

"काय असतं हो त्या पिशवीत?"

"काही नाही. रिकाम्या हाताने फिरलं की माणूस उगाच फिरतोय असं दिसतं."

फोटो काढला. डोळे मिटलेले आले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. जन्मभर लोकांना डोळे उघडे ठेवा सांगणारा माणूस! शेवटी एक बरा आला, त्यात ते हसताहेत आणि पिशवी पोटाशी धरली आहे.

मग म्हणाले, "द्या इकडे. आता तुमचा काढतो."

कॅमेरा त्यांच्या हातात गेला आणि मी सवयीने सरकले. पडद्याच्या मागे जवळजवळ.

"कुठे निघालात?" ते म्हणाले. "मध्ये या."

मध्ये या, एवढंच म्हणाले. मला भरून आलं. किती वर्षं मी बाजूला होत होते ते त्या दोन शब्दांनी कळलं. माझा तो फोटो चांगला आलेला नाही, नाक लाल आहे, पण मी मध्ये आहे.

निघताना विचारलं, "खरंच चाललात?"

"बॅग भरून झालीय."

"उद्या सकाळी उद्घाटन आहे."

"मला कुणी बोलावलेलं नाही."

"बोलवायला कशाला लागतं," मी म्हणाले, आणि जिना उतरले.

३० नोव्हेंबर, रविवार

सभागृह झाडायला उघडतात तेव्हाच मी, मुलगी आणि लाँड्रीवाला आत शिरलो. भिंतीवरचे स्वच्छ फोटो काढले आणि आधीचे लावले. (काढले म्हणजे उतरवले. यापुढे मला हे नीट लिहायला हवं.) बागेच्या शेजारी जागा होती, तिथे कालचे दोन लावले. मुलगी म्हणाली, "आई, विचार कर हं, पाटी जाईल." मी म्हणाले, जाऊ दे. आणि पाटीकडे पाठ करून पुढचा फोटो लावला.

सचिवांनी पडदा ओढला. मग पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "सापडले! टाकीखाली!" आणि सगळी वसाहत भिंतीकडे धावली. ज्यांना जवळून सापडत नव्हते ते लांबून शोधत होते. वहिनी सगळ्यांना झुडूप दाखवत होत्या, तो शोध त्यांनीच लावल्यासारखा.

सचिव लालबुंद झाले. "हे काय आहे? प्रत्येक फोटोत हे कसे?"

"वसाहतीत राहतात," मी म्हणाले. "वसाहतीत दिसणारच."

सचिव रंगाऱ्याकडे वळले आणि भिंतीखालच्या पाटीकडे बोट दाखवून गरजले, "यांचं नाव काढा आधी!"

रंगारी गोंधळला. "काढलंय की साहेब. कालच काढलं. चांगलं ठळक काढलंय."

"आईने नाव काढलं!" मुलगी टाळ्या वाजवत ओरडली, आणि मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत सचिवांना पुढचं काही बोलता येईना. पाटी राहिली. पूर्ण नाव आहे, एकही चूक नाही.

मी मात्र सारखी दाराकडे बघत होते. चहा झाला, भाषण झालं, लोक पांगायला लागले, आणि दारात कुणी नव्हतं. मग तीच चिमुरडी पुन्हा ओरडली, "सापडले!" तिचं बोट भिंतीकडे नव्हतं.

दारात उभे होते. कडक शर्ट. हातात बॅग नाही, आणि पिशवीही नाही.

"मुलाला फोन केला," म्हणाले. "म्हटलं, इथे कामात अडकलोय."

"कसलं काम?"

"तुमचा उजवा डोळा."

मी म्हणाले, माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. ते म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तपासायला बरेच दिवस लागतील. तेवढ्यात माझी पोर पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "नमस्कार प्रकाशकाका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," आणि मी पकडायच्या आत चहाच्या टेबलाकडे पळाली.

"ही मला प्रकाशकाका का म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

"पुढच्या खिडकीवर विचारा," मी म्हणाले.

१ डिसेंबर

सकाळी दूध आणायला गेले. कॅमेरा घरीच ठेवला. प्रकाश चांगला होता.